वाइन ‘हेवी’ आहे एवढं सांगून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वाइन कशी चाखायची यावर लेख आला तो मी आवडीने वाचला, मराठी पेपरात कुणी हा विषय मनापासून घेतंय याचंच आधी बरं वाटलं, पण वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली आणि शेवटपर्यंत खटकतच राहिली म्हणून हे पत्र. लेखात जी वाइन आवडली ती ‘फुल बॉडी’, तीच ‘स्मूद’, तीच ‘रिच आणि कॉन्सन्ट्रेटेड’, आणि जी आवडली नाही ती सरळ ‘पातळ’. तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या. मी वाइन चाखायला शिकवते आणि नवीन आलेल्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ नेमका इथेच होतो, वासाबद्दल ते बिनधास्त बोलतात, कुणाला गुलाब आठवतो कुणाला ओली माती, पण तोंडात कशी वाटली असं विचारलं की ‘हेवी आहे’ नाहीतर ‘लाइट आहे’ म्हणून गप्प होतात. मग ते जे वाचतात त्यातही तेच दोन शब्द असतील तर ते शिकणार कुठून?

माझं म्हणणं एवढंच आहे की बॉडी, टेक्श्चर आणि कॉन्सन्ट्रेशन या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, वेगळ्या कारणांनी येतात, आणि त्यातली एक भरपूर असून दुसरी अजिबात नसणं हे वाइनमध्ये सर्रास होतं. बॉडी म्हणजे तोंडात जाणवणारं वजन, दाटपणा. टेक्श्चर म्हणजे स्पर्श, म्हणजे जीभ टाळूवर फिरवली तर ती घसरते का अडकते, खरखर लागते का मऊ लागतं. आणि कॉन्सन्ट्रेशन म्हणजे त्या घोटात चव किती गच्च भरलेली आहे.

आधी बॉडीचं बघू. ड्राय वाइन, म्हणजे जिच्यात साखर जवळपास उरलेली नाही अशी, वजनाला पाण्यापेक्षा हलकी असते. एका लिटरचं वजन साधारण ९९० ते ९९५ ग्रॅम भरतं कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. तरी आपण तिला हेवी म्हणतो, कारण तोंडाला वजन कळत नाही, तोंडाला कळतो तो घट्टपणा, आणि पाण्यात अल्कोहोल मिसळलं की मिश्रण पाण्यापेक्षा घट्ट होतं, २० अंशाला बारा-तेरा टक्क्यांची वाइन पाण्याच्या दीडपट तरी घट्ट असते. त्यात अल्कोहोलची ऊब, किंचित गोडवा हे सगळं मिळून तोंड भरल्यासारखं वाटतं. म्हणून बॉडीचा पहिला अंदाज बाटलीच्या लेबलवरच मिळतो: जर्मनीतल्या मोझेल भागातली काबिनेट रिसलिंग (रिसलिंग हे व्हाइट द्राक्ष, काबिनेट हा तिथला हलका प्रकार) ८-९ टक्क्यांची असते, इटलीच्या अमारोने या रेडला कायद्यानेच किमान १४ टक्के लागतात, पोर्तुगालची पोर्ट २० टक्क्यांच्या आसपास जाते. दुसरी गोष्ट साखर. हंगेरीच्या टोकाय भागातल्या एसेन्सिया या अतिगोड वाइनमध्ये लिटरला किमान ४५० ग्रॅम साखर असावी लागते आणि अल्कोहोल बऱ्याचदा पाच टक्क्यांच्याही खाली असतं, तरी ती ग्लासातून सावकाश सरकते. म्हणजे बॉडी फक्त अल्कोहोलची असंही नाही. आणि ॲसिड याच्या उलट काम करतं, तेवढंच अल्कोहोल पण ॲसिड जास्त असेल तर वाइन सडपातळ वाटते आणि ॲसिड कमी असेल तर पसरट, व्हिओनिये द्राक्षाची वाइन जी तेलकट आणि भरलेली वाटते ती याच कारणाने, अल्कोहोल चढतं आणि ॲसिड उतरलेलं.

वाइनचा दाटपणा ग्लिसरॉलमुळे येतो, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या एका गोडसर, चिकट द्रव्यामुळे, असं श्रेय लेखात दिलंय ते मात्र मला पटलं नाही. हा समज फार जुना आहे आणि जाता जात नाही. साध्या ड्राय वाइनमध्ये ग्लिसरॉल लिटरला साधारण ५ ते १० ग्रॅम असतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८४ साली व्हाइट वाइनवर केलेलं काम आहे, त्यात दिसलं की ग्लिसरॉलमुळे घट्टपणा वाढल्याचं माणसाला कळायला लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास लागतं, गोडवा मात्र पाचेक ग्रॅमलाच कळतो. म्हणजे ग्लिसरॉल आपल्याला थोडं गोड लागतं आणि आपण त्याला दाट म्हणतो.

त्याच परिच्छेदात ग्लासच्या भिंतीवरून उतरणाऱ्या ओघळांबद्दल जे लिहिलंय, की जितके जाड ओघळ तितकी वाइन उंची, तेही कृपा करून दुरुस्त करा. ग्लासवर चढलेल्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, तिथे पाण्याचं प्रमाण वाढतं म्हणून पृष्ठताण वाढतो, आणि तो थर खालची वाइन वर ओढून घेतो, मग वर साठलेलं द्रव जड होऊन थेंबाथेंबाने खाली येतं. हे जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच सांगितलं, हे लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ, आणि पुढे इटलीच्या कार्लो मारांगोनी यांचं नाव या परिणामाला लागलं. ग्लासवर झाकण ठेवलं की बाष्पीभवन थांबतं आणि ओघळही थांबतात, कुणीही करून बघावं. ओघळांवरून अल्कोहोल किती याचा अंदाज येतो, साखर असेल तर ते हळू उतरतात, पण वाइन चांगली का वाईट हे त्यातून कळत नाही म्हणजे नाही.

आता टेक्श्चर. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि खरी मजा इथे आहे. रेड वाइनमधलं टेक्श्चर मुख्यतः टॅनिन या तुरट द्रव्याचं, जे सालीतून, बियांतून आणि थोडं ओकच्या पिंपातून येतं. लाळेत जी प्रोटीन्स असतात ती तोंडाला वंगण देतात, टॅनिन त्यांना धरतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि वंगण कमी झालं की जीभ, गाल, हिरड्या एकमेकांना घासल्यासारखे लागतात. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर दातांच्या आतल्या बाजूला जे होतं तेच हे. मुख्य म्हणजे हा स्पर्श आहे, आणि कडूपणा ही चव आहे, दोन्ही बरेचदा जोडीने येतात म्हणून लोक एकच समजतात. आणि हा स्पर्श साठत जातो, पहिल्या घोटाला जी वाइन मऊ वाटली तीच तिसऱ्या-चौथ्या घोटाला तोंड सुकवू शकते, त्यामुळे एका घोटावर टेक्श्चर लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. निदान तीन घोट घ्या आणि मधे थोडं थांबा.

तुरट आहे एवढं म्हणूनही पुरत नाही. कुठे तुरट? पुढच्या हिरड्यांवर का गालांच्या आत का जिभेच्या मागे? कसं तुरट? बारीक पावडर पसरल्यासारखं, का मखमलीवरून उलट्या दिशेने बोट फिरवल्यासारखं, का सँडपेपर? लगेच येतं का घोट गेल्यावर हळूहळू चढतं? ऑस्ट्रेलियात रिचर्ड गॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००० साली रेड वाइनच्या स्पर्शाच्या शब्दांचं एक चक्रच बनवलं, वासाचं चक्र त्याआधी होतंच पण तोंडातल्या स्पर्शाला कुणी असं मांडून ठेवलं नव्हतं. ते चक्र सगळंच्या सगळं वापरावं असं मी म्हणणार नाही, त्यातले काही शब्द एकमेकांत फार मिसळतात आणि शिकणारा माणूस शब्द शोधण्यातच वाइन विसरतो. पण त्यामागचा आग्रह योग्य आहे, की स्पर्शाची जागा, बारकी-जाडी आणि वेळ या तिन्ही गोष्टी सांगा.

आणि टेक्श्चर म्हणजे फक्त टॅनिन असंही नाही. ॲसिडने लाळ सुटते आणि कडा धारदार लागतात. मॅलोलॅक्टिक प्रक्रियेत बॅक्टेरिया कडक मॅलिक ॲसिडचं सौम्य लॅक्टिक ॲसिड करतात त्यामुळे तीच वाइन गोलाई घेते. यीस्टच्या मेलेल्या पेशींच्या गाळावर वाइन ठेवली, अधूनमधून ढवळली तर त्या पेशींमधून सुटणारी द्रव्यं तिला सायीसारखा मऊपणा देतात, शँपेनमधला मऊपणा बराचसा तिथूनच येतो. शँपेनच्या बाटलीत दाब ५-६ ॲटमॉस्फिअर असतो, त्या बुडबुड्यांचं टोचणं हाही स्पर्शच, बारीक का भरड ते सांगता येतं. जॉर्जिया देशात क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणांत व्हाइट द्राक्षं सालीसकट आंबवतात, ती पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तिथली वाइन रंगाने अंबरासारखी आणि तोंडात चक्क रेडसारखी तुरट. डोळे मिटून प्यायलात तर व्हाइट म्हणायला जीभ तयार होणार नाही.

म्हणून ‘स्मूद’ या शब्दावर माझा राग आहे. स्मूद म्हणजे टॅनिन कमी आहे? का टॅनिन भरपूर आहे पण बारीक आणि पिकलेलं आहे? का ॲसिड कमी आहे? का थोडी साखर राहिली आहे जी सगळ्यावर पांघरूण घालतेय? या चारही वाइन वेगळ्या आहेत आणि वाचणाऱ्याला चारही स्मूदच वाटणार. फ्रान्सच्या मादिराँ भागात तना नावाचं द्राक्ष आहे, त्याचं टॅनिन इतकं जबरदस्त की पात्रिक द्युकुर्नो या वाइनमेकरने १९९१ मध्ये वाइनमधून ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे सोडायची पद्धत काढली, टॅनिन मऊ व्हावं म्हणून. तशी तना आणि फ्रान्सचीच एखादी बोजोले, जिच्यात द्राक्षं अख्खी आंबवून मुळातच टॅनिन कमी काढलेलं असतं, या दोघींना एकच विशेषण लावणं म्हणजे वाचणाऱ्याला काहीच न सांगणं.

तिसरं कॉन्सन्ट्रेशन, आणि इथे तर बॉडीशी घोळ ठरलेलाच. मोझेलच्या ज्या ८ टक्क्यांच्या रिसलिंगबद्दल वर म्हटलं ती अंगाने एकदम हलकी, पण चांगल्या हातची असेल तर चव अशी भरलेली की घोट गेल्यावर कितीतरी वेळ तोंडात राहते. उलट गरम हवेत पिकलेली, भरपूर पीक काढलेली, साडेचौदा टक्क्यांची रेड कशी असते, तर तोंडात आल्या आल्या मोठी वाटते, मधे पोकळ होते आणि मग नुसती अल्कोहोलची जळजळ. तुमच्या लेखात या दुसऱ्या जातीच्या वाइनला ‘कॉन्सन्ट्रेटेड’ म्हटलंय असं वर्णनावरून मला तरी वाटलं. ती हेवी आहे हे खरं, पण तिच्यात चव कमी आहे आणि ते लिहायला हवं होतं.

हे दोन वेगळे करायची एक साधी युक्ती मी सगळ्यांना सांगते. नाक चिमटीत धरा आणि घोट घ्या. नाक बंद असताना जे कळतं ते गोड, आंबट, कडू, तुरट, ऊब आणि दाटपणा, म्हणजे बॉडी आणि टेक्श्चर जवळपास पूर्ण. आता घोट तोंडात असतानाच नाक सोडा. जे एकदम उसळून वर येतं, फळ, मसाला, माती जे काही असेल ते, ती चव नाकाच्या मागच्या वाटेने आलेली असते, आणि तिथे किती आलं आणि किती वेळ टिकलं हे कॉन्सन्ट्रेशन. काही वाइनमध्ये नाक सोडल्यावर जवळजवळ काहीच होत नाही, आणि त्या क्षणी समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो कारण आत्तापर्यंत तो तिला भारी म्हणत असतो. टिकण्यासाठी फ्रेंच लोकांनी कोदाली हे माप केलंय, एक कोदाली म्हणजे घोट गेल्यावर चव टिकलेला एक सेकंद. मात्र मोजताना चवच मोजायची, तुरटपणा किंवा जळजळ मोजायची नाही, ती वाईट वाइनमध्येसुद्धा खूप वेळ राहते.

कॉन्सन्ट्रेशन येतं कुठून तर आधी मळ्यातून. वेलीवर घड कमी, दाणे छोटे, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वासाची द्रव्यं मुख्यतः सालीत, टॅनिनही तिथे भरपूर. युरोपात बऱ्याच ठिकाणी पिकावर मर्यादा असते ती यासाठीच, फ्रान्सच्या शातोनफ-द्यु-पाप भागात हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे ३५०० लिटरपेक्षा जास्त काढता येत नाही. दुसरा मार्ग पाणी कमी करणं: अमारोनेची द्राक्षं तोडून महिनोन्‌महिने वाळवतात, आइस वाइनला द्राक्षं वेलीवरच गोठू देतात, जर्मनीत उणे ७ आणि कॅनडात उणे ८ अंशाखाली, फ्रान्सच्या सोतेर्न भागात बुरशी सालीला भोकं पाडून पाणी उडवते. आणि तिसरा मार्ग वाइनरीत, रेडचा थोडा रस सुरुवातीलाच काढून टाकायचा म्हणजे उरलेल्याला साल जास्त मिळते, किंवा सरळ मशीनने रसातलं पाणी काढायचं, युरोपियन युनियनचा नियम आहे की असं करताना मूळ रस २० टक्क्यांपेक्षा जास्त घटवायचा नाही आणि अल्कोहोल २ टक्क्यांपेक्षा जास्त चढवायचं नाही. मशीनला मी शिव्या देणार नाही, पावसात भिजलेलं वर्ष त्यामुळे वाचतं. पण पाणी काढलं की सगळंच वाढतं, कच्चं टॅनिन, हिरवट चव, आंबटपणा, जे आहे ते सगळं. पिकलेपण त्यातून येत नाही, आणि अशी वाइन गच्च असूनही तोंडाला रुक्ष लागते. म्हणून कॉन्सन्ट्रेशन जास्त म्हणजे वाइन चांगली हेही समीकरण मला मान्य नाही.

रंगाबद्दल एक वाक्य लेखात आहे, गडद रंग म्हणजे कॉन्सन्ट्रेशन. इटलीत नेबिओलो द्राक्षापासून होणारी बारोलो बघा, रंग इतका फिका की पलीकडचं दिसतं, आणि टॅनिन असं की बोलायला जीभ हलत नाही, चव तर घोट गेल्यावरही कितीतरी वेळ टिकते. पिनो न्वार द्राक्षाची वाइनही तशीच फिकी. उलट अलिकांते बुशे या द्राक्षाचा गरच लाल असतो, त्याची वाइन काळपट होते मग चवीने साधी असो. डोळा माणसाला किती फसवतो यावर बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंगवून दिली, रंगाला वास नव्हता, आणि त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्या पोरांचं असं होतं तर नुसता लेख वाचून बाटली उघडणाऱ्याचं काय होणार, म्हणून लेख लिहिणाऱ्याने निदान टेक्श्चर आणि बॉडी लिहिताना ग्लासकडे बघू नये असं माझं मत आहे.

आणि तापमान. हे लेखात कुठेच नव्हतं आणि याच्याशिवाय वरचं सगळं निरर्थक आहे. तीच रेड १२ अंशाला प्या, टॅनिन कडक आणि वाइन अरुंद वाटेल, १७-१८ ला उघडते, पंचविशीला गेली की अल्कोहोल नाकात चढतं आणि बॉडी ढिली पडते. दोन माणसं एकाच बाटलीबद्दल भांडतात तेव्हा पुष्कळदा भांडण तापमानाचं असतं.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी वर्णनाबरोबर लेबलवरचं अल्कोहोल, कळत असेल तर साखर, आणि कुठल्या तापमानाला चाखली ते छापा. बॉडीला एक ओळ, टेक्श्चरला निदान दोन, आणि कॉन्सन्ट्रेशनला वेगळी ओळ ज्यात चव किती वेळ टिकली ते येईल. आणि वाचकांना जोड्या लावून चाखायला सांगा म्हणजे फरक स्वतःच्या तोंडात कळेल, सुरुवातीला मोझेलची हलकी रिसलिंग आणि शेजारी ओकच्या पिंपातली जाड शार्दोने, तीही व्हाइटच, मग बोजोले आणि बारोलो, मग जॉर्जियाची अंबर वाइन आणि त्याच अल्कोहोलची साधी व्हाइट. तिन्ही जोड्या आधी नाक दाबून, मग सोडून.

आपली,
एक नियमित वाचक